नवाचा ताळा आणि पंधराचा चौकोन

बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार तुम्हांला आता येतो. पाटीवर येतो तसा वहीतही येतो. पण केलेला गुणाकार बरोबर आहे की नाही, हे कोणाला विचारायचे? दर वेळी गुरुजी जवळ थोडेच असणार! तोच गुणाकार पुन्हा करून पाहावा, असे कोणी म्हणेल. पण एकदा केलेली चूक माणूस दुसऱ्यांदाही तशीच करतो. "सात आठे चोपन्न" हे ज्याच्या जिभेवर बसले, तो दहा वेळा मांडला तरी चोपन्नच म्हणेल. म्हणून जुन्या लोकांनी वेगळ्या वाटेने जाऊन पाहण्याची रीत काढली. तिला ताळा म्हणतात. हिशेबाचा ताळा जुळला, ताळमेळ बसला, असे आपण बोलतो, तोच हा शब्द.

आपला भंडारा जिल्हा धानाचा. तेव्हा धानाचाच हिशेब घेऊ. समजा, तुम्ही ४७ पोती धान विकायला नेले. प्रत्येक पोते ३८ किलोचे भरले. एकूण वजन किती?

४७ गुणिले ३८ म्हणजे १७८६ किलो.

आता ताळा पाहू. प्रत्येक संख्येतील अंकांची बेरीज करायची. बेरजेत दोन अंक आले, तर त्यांची पुन्हा बेरीज करायची. शेवटी एकच अंक उरतो. त्याला आपण मूळ अंक म्हणू.

४७ : चार आणि सात अकरा, एक आणि एक दोन. मूळ अंक २.
३८ : तीन आणि आठ अकरा, पुन्हा दोन. मूळ अंक २.
दोन दुणे चार.
१७८६ : एक, सात, आठ, सहा मिळून बावीस. दोन आणि दोन चार.

इकडे चार, तिकडेही चार. ताळा जुळला. वजन करणाऱ्याने चिठ्ठीवर १७७६ लिहिले असते, तर अंकांची बेरीज एकवीस, म्हणजे मूळ अंक तीन आला असता. चार हवे होते, तीन आले. चिठ्ठी चूक. एवढे सांगायला पूर्ण गुणाकार पुन्हा करावा लागला नाही. बोटांवर मोजून काम झाले.

या रितीला नवाचा ताळा म्हणतात, कारण अंकांची बेरीज करताना आपण खरे म्हणजे संख्येतून नऊ-नऊ काढून टाकत असतो. रात्रीच्या वर्गात हे सांगितले तेव्हा एका बाईंनी विचारले, "नऊ टाकून द्याचे म्हंजे आमचे नऊ किलो गेले का जी?" सगळा वर्ग हसला. पण प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर नोटांवरून नीट कळते.

शंभराची एक नोट घ्या. ती नऊ भावांत वाटा. प्रत्येकाला अकरा रुपये मिळतील, नव्याण्णव गेले, उरला एक. दहाची नोट नऊ भावांत वाटा. एकेक रुपया गेला, उरला एक. हजार रुपये वाटा. प्रत्येकाला एकशे अकरा, आणि उरला पुन्हा एकच. म्हणजे दहा, शंभर, हजार यांपैकी कोणतीही रक्कम असो, नऊ जणांत वाटली की तिच्यामागे एक रुपया उरतो. आता तुमच्याजवळ ३५२ रुपये आहेत. शंभराच्या तीन नोटा, त्यांचे उरले तीन. दहाच्या पाच, त्यांचे उरले पाच. आणि सुटे दोन. तीन, पाच, दोन मिळून दहा. त्यातले पुन्हा नऊ वाटले, एक उरला. म्हणून ३५२ ला नवाने भागले तर बाकी एक राहते. भागाकार न करता ती कळली. अंकांची बेरीज म्हणजे वाटणीनंतरची ही उरलीसुरली रक्कम. वाटणी मनातली आहे, किलो कोणाचेच जात नाहीत. मूळ अंक नऊच आला, तर बाकी काही नाही, वाटणी पुरी झाली, असे समजावे.

हे समजले की पाढ्यांकडे नव्या डोळ्यांनी पाहता येते. आठाचा पाढा घ्या आणि प्रत्येक उत्तराचा मूळ अंक लिहा. ८, १६, २४, ३२, ४०, ४८, ५६, ६४, ७२. मूळ अंक येतात ८, ७, ६, ५, ४, ३, २, १, ९. पायऱ्या उतरल्यासारखे! सातव्या पायरीवर दोन आहे. आता "सात आठे चोपन्न" म्हणणाऱ्याला विचारा, चोपन्नचा मूळ अंक किती? नऊ. तेथे दोन हवा होता. छप्पन्नचा दोन येतो.

दोनाच्या पाढ्याचे मूळ अंक असे: २, ४, ६, ८, १, ३, ५, ७, ९.
साताच्या पाढ्याचे असे: ७, ५, ३, १, ८, ६, ४, २, ९.

शेवटचा नऊ बाजूला ठेवा. उरलेले आठ अंक एका ओळीत डावीकडून वाचा आणि दुसऱ्या ओळीत उजवीकडून वाचा. तेच आहेत. दोन आणि सात मिळून नऊ होतात, म्हणून ही जोडी जमली. एका पाढ्यात आपण दोन पावले पुढे जातो, दुसऱ्यात नवाच्या हिशेबाने दोन पावले मागे येतो. चार आणि पाच यांची जोडी अशीच आहे. ती तुम्ही लिहून पाहा. तीन आणि सहा मात्र तीनच अंकांत फिरत राहतात. ३, ६, ९ आणि ६, ३, ९. नवाच्या पाढ्याचे तर काय सांगावे, सगळीकडे नऊच.

इथवर नवाची स्तुती झाली. आता त्याची खोड सांगतो, कारण ती माहीत नसेल तर हा ताळा शिकून उलट नुकसान होईल.

मघाच्या धानाच्या चिठ्ठीवर १७८६ च्या जागी घाईने १७६८ लिहिले गेले असे समजा. आठ आणि सहा यांची अदलाबदल झाली. तुमचे अठरा किलो धान गेले. ताळा पाहा. एक, सात, सहा, आठ मिळून बावीस. मूळ अंक चार. ताळा जुळतो! जुळणारच. अंक तेच आहेत, जागा बदलल्या, बेरजेला त्याचे काय? एखादे शून्य जास्त पडले तरी हा ताळा गप्प बसतो. १७८६ आणि १७८६० यांचा मूळ अंक एकच. अंकांची अदलाबदल ही लिहिणाऱ्याच्या हातून वरचेवर होणारी चूक, आणि नेमकी तीच या ताळ्याला दिसत नाही.

म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ताळा चुकला, तर हिशेब नक्की चूक आहे. ताळा जुळला, तर हिशेब बरोबर असेल, एवढेच म्हणता येते. "ताळा जुळला, आता अंगठा करा" असे कोणी म्हणाले, तर अंगठा करू नका आणि सहीही करू नका.

पण या खोडीतूनच एक उपयोग निघतो. ८६ च्या जागी ६८ लिहिले, फरक १८. ७२ च्या जागी २७ लिहिले, फरक ४५. ५१ च्या जागी १५, फरक ३६. तिन्ही फरकांना नवाने भाग जातो. नेहमीच जातो. ज्या अंकांची जागा बदलली त्यांच्यातील अंतर घ्या आणि नवाने गुणा, की फरक मिळाला. आठ आणि सहा यांत अंतर दोनाचे, नऊ दुणे अठरा. म्हणून खतावणी लिहिणारे जुने मुनीम काय करीत? दोन बेरजांत फरक आला, की आधी त्याला नवाने भागून पाहत. भाग गेला, की कोठे तरी अंक उलटे पडले असावेत असा संशय धरून शोध सुरू करीत. "असावेत" म्हणतो, कारण दुसऱ्या चुकीनेही असा फरक पडू शकतो. पण शोध कोठून सुरू करावा, हे तर कळले!

अदलाबदल पकडायचीच असेल, तर अकराचा ताळा वापरावा. तो थोडा अवघड आहे, पण धान विकणाऱ्याला अवघड वाटण्याइतका नाही. उजवीकडून सुरुवात करा. पहिला अंक मिळवा, दुसरा वजा करा, तिसरा मिळवा, चौथा वजा करा. ४७ चे होतात सात वजा चार, म्हणजे तीन. ३८ चे आठ वजा तीन, म्हणजे पाच. तीन पाचे पंधरा. पंधराचे पुन्हा तसेच, पाच वजा एक, चार. आता १७८६ : सहा वजा आठ, अधिक सात, वजा एक. मिळतात चार. जुळले. १७६८ : आठ वजा सहा, अधिक सात, वजा एक. मिळतात आठ. चोर सापडला. वजाबाकी शून्याच्या खाली गेली, तर अकरा मिळवावेत. याचे कारण सांगत बसत नाही. नोटा नवांऐवजी अकरा भावांत वाटून पाहा, तुमचे तुम्हांलाच सापडेल.

हे ताळे आपल्या देशात फार जुने आहेत. दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या दुसऱ्या आर्यभटाच्या 'महासिद्धांत' या ग्रंथात नवाचा ताळा आहे. पुढे १३५६ साली नारायण पंडिताने 'गणितकौमुदी' हा ग्रंथ लिहिला. त्याने सांगितले की नऊच कशाला, कोणतीही संख्या घेऊन ताळा पाहता येतो. हा नारायण पंडित पुढे पुन्हा भेटेल.

उलटसुलट अंकांच्या वजाबाकीत नऊ दडलेला असतो हे आपण पाहिले. अशाच वजाबाकीचा खेळ करता करता एका मराठी शाळामास्तराला एक नवल सापडले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव. जन्म १९०५ साली डहाणू येथे. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकून १९२९ साली ते बी.एस्‌सी. झाले, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिकवीत राहिले. मोठी पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. रिकाम्या वेळी आकड्यांशी खेळायचे, हा त्यांचा छंद. १९४९ साली त्यांनी पुढील गोष्ट विद्वानांपुढे मांडली.

कोणताही चार अंकी आकडा घ्या. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. समजा ३५२४. त्याचे अंक मोठ्यापासून लहानाकडे लिहा, ५४३२. मग लहानापासून मोठ्याकडे लिहा, २३४५. वजा करा. ३०८७ आले. याचे पुन्हा तसेच करा. ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा करा. ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ६१७४ चे करा. ७६४१ वजा १४६७. पुन्हा ६१७४! येथून पुढे हलायचे नाव नाही. कोणत्याही आकड्यापासून निघा, फार तर सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ ला पोचता. उत्तर मध्येच तीन अंकी आले, तर पुढे शून्य लिहून त्याला चार अंकी करायचे, ते शून्य खाऊन टाकायचे नाही. तीन अंकी आकड्यांचा मुक्काम ४९५ हा आहे. दोन अंकी आकड्यांना मुक्काम नाही. ते ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे कोल्हूच्या बैलासारखे फिरत राहतात. या पाचही आकड्यांना नवाने भाग जातो, हे तुमच्या ध्यानात आले असेलच. ३०८७, ८३५२, ६१७४ यांचेही मूळ अंक काढा. नऊच येतील. म्हणजे हा खेळ खेळताना एखाद्या वजाबाकीचा मूळ अंक नऊ आला नाही, तर समजावे की वजाबाकी चुकली. खेळही झाला, वजाबाकीचा सरावही झाला आणि ताळाही मिळाला.

कापरेकरांच्या या कामाला आपल्याकडील काही विद्वानांनी पोरखेळ म्हटले. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर या लेखकाने तेथील प्रसिद्ध मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा नाव जगभर झाले. कापरेकर १९८६ साली वारले. ६१७४ ला आज सगळीकडे कापरेकर स्थिरांक म्हणूनच ओळखतात. घरच्या माणसाची किंमत बाहेरच्याने सांगितल्यावर कळते, हा आपला जुना रोग.

आता चौकोनाकडे वळू. नवाचा ताळा "चूक आहे" एवढेच सांगतो. चूक कोठे आहे, ते सांगत नाही. ते सांगायला आकडे चौकोनात मांडावे लागतात. आधी गमतीचा चौकोन पाहा.

८  १  ६
३  ५  ७
४  ९  २

एक ते नऊ हे अंक एकेकदा आले आहेत. आडव्या ओळी मिळवा, पंधरा. उभ्या मिळवा, पंधरा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरप्या मिळवा, पंधरा. पंधराच का? एक ते नऊची बेरीज पंचेचाळीस. तीन ओळींत सारखी वाटली, तर प्रत्येकीला पंधरा येणारच. आणि मध्ये पाचच का? मधल्या खणातून चार ओळी जातात. एक आडवी, एक उभी, दोन तिरप्या. चारींची बेरीज साठ. या साठांत बाकीचे आठ अंक एकेकदा येतात आणि मधला चार वेळा येतो. सगळे अंक एकेकदा धरले तर पंचेचाळीस होतात. साठांतून पंचेचाळीस गेले, उरले पंधरा. हे पंधरा म्हणजे मधल्या अंकाचे जादा तीन फेरे. म्हणून मधला अंक पाच. यात जादू नाही, मंत्र नाही. हिशेब आहे.

चार-चार खणांचाही चौकोन असतो. खजुराहोच्या पार्श्वनाथाच्या जैन मंदिरात तो दगडावर कोरलेला आहे.

७  १२  १  १४
२  १३  ८  ११
१६  ३  १०  ५
९  ६  १५  ४

आडवी, उभी, तिरपी, कोणतीही ओळ घ्या, बेरीज चौतीस. एवढेच नव्हे, शेजारशेजारचे कोणतेही चार खण चौकटीसारखे धरा, जसे ७, १२, २, १३. तेही चौतीस! अशा चौकोनांच्या विद्येला नारायण पंडिताने भद्रगणित म्हटले आणि 'गणितकौमुदी'चे शेवटचे प्रकरण तिला दिले.

पंधराचा हा चौकोन तुम्ही दुकानाच्या भिंतीवर किंवा ताइतात पाहिला असेल. लोक त्याला पंधरिया यंत्र म्हणतात. श्रद्धेने भिंतीवर काढला, तर माझे काही म्हणणे नाही. पण ताप उतरवण्यासाठी कागदावर हे नऊ अंक लिहून कोणी पन्नास-शंभर रुपये मागितले, तर देऊ नका. त्या पैशांत दवाखान्यात जा. आणि अंक तर तुम्हीच आता फुकट लिहू शकता.

या चौकोनाची खरी शिकवण आहे ती आडव्या आणि उभ्या बेरजेची. उन्हाळ्यात तेंदूपानाचा हंगाम येतो. घरची माणसे पहाटे जंगलात जातात, पाने आणतात, पुडे बांधतात आणि फडावर नेऊन मोजून देतात. एका घरच्या तीन दिवसांच्या पुड्यांचा हिशेब असा आहे, असे समजू.

आई : ८५, ९२, ७८. एकूण २५५.
बाप : ६४, ७०, ८१. एकूण २१५.
मुलगा : ४७, ५६, ३९. एकूण १४२.
दिवसाची बेरीज : १९६, २१८, १९८. एकूण ६१२.

आडव्या बेरजा मिळवल्या तरी ६१२, उभ्या मिळवल्या तरी ६१२. आता फडमुन्शीने कार्डावर आईच्या दुसऱ्या दिवसाचे ९२ पुडे २९ असे उतरवले, असे धरा. तुमच्या घरच्या वहीत मात्र बेरजा लिहिलेल्या आहेत. कार्डावरचे खण मिळवून पाहा. आईची ओळ १९२ भरते, वहीत आहेत २५५. फरक ६३. दुसऱ्या दिवसाची उभी ओळ १५५ भरते, वहीत आहेत २१८. फरक ६३. बाकीच्या ओळी ठीक आहेत. चुकलेली आडवी ओळ आणि चुकलेली उभी ओळ जेथे एकमेकींना छेदतात, तो खण पाहा. तेथे २९ आहे. आणि ६३ ला नवाने भाग जातो, सात वेळा. दोन आणि नऊ यांत अंतर साताचेच. म्हणजे अंक उलटे पडले. बोट ठेवून दाखवता येते, "मुन्शीजी, येथे ब्याण्णव हवे." भांडावे लागत नाही, आवाज चढवावा लागत नाही.

मात्र यासाठी घरी वही पाहिजे, आणि तीत रोजच्या रोज दोन्ही बेरजा लिहिलेल्या पाहिजेत. पुडे मोजून दिल्यावर त्याच संध्याकाळी लिहा. आठवड्याने आठवून लिहिलेल्या बेरजेचा काही उपयोग नाही. मुन्शीच्या कार्डावरून उतरवून घेतलेल्या बेरजेचा तर मुळीच नाही. कार्डावरची चूक तीत जशीच्या तशी उतरेल आणि सगळे छान जुळलेले दिसेल.

करून पाहा

चार आणि पाच यांच्या पाढ्यांचे मूळ अंक लिहा. दोन्ही ओळी उलटसुलट जुळतात का, ते पाहा.

आपल्या घरातील कोणाच्याही जन्मसालापासून निघा आणि ६१७४ ला पोचा. किती वजाबाक्या लागल्या?

एका दुकानदाराने ३६ गुणिले २४ चे उत्तर ८४६ लिहिले. नवाचा ताळा पाहा. मग अकराचा ताळा पाहा. खरे उत्तर काढा.

पंधराच्या चौकोनातील प्रत्येक अंकाला दहाने गुणा. आता ओळींची बेरीज किती येते? प्रत्येक अंकात दहा मिळवले असते तर किती आली असती?

फडावरच्या कार्डावर बहिणीचे दोन दिवसांचे पुडे ३६ आणि ४५ आहेत, भावाचे ५८ आणि ५३. घरच्या वहीत बहिणीची बेरीज ८१, भावाची ९३, पहिल्या दिवसाची ९४ आणि दुसऱ्या दिवसाची ८० आहे. चूक कोणत्या खणात आहे, आणि ती कोणाच्या फायद्याची आहे, दोन्ही लिहा.